ट्रॅक्टर चालू, गाणं बिघडलं!



आपल्या वर्धा जिल्ह्यात गावात ट्रॅक्टर येतोय हे कसं कळतं? आधी गाणं ऐकू येतं, मग इंजिनाची धडधड आणि सगळ्यांत शेवटी ट्रॅक्टर दिसतो. खरं ना? पूर्वी पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजायच्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी नंदी सजवून नेता, तेव्हा त्याच्याही गळ्यात घुंगरू बांधताच. ट्रॅक्टरला काही घागरमाळ बांधता येत नाही. मग हौशी मालक काय करतात? सीटच्या मागे एक प्लायवूडचं खोकं ठोकतात, त्यात दोन स्पीकर आणि एक 'बफर' बसवतात, टिनाच्या डब्यात अँप्लिफायर घालतात, बॅटरीवरून दोन वायर ओढतात, की झाली साऊंड सिस्टिम तयार! (बफर म्हणजे वूफर, बरं का. पण आपल्याकडे सगळे बफरच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.)

अशी घरी बनवलेली सिस्टिम बिघडली तर काय करायचं? बिघाड शोधायचा कसा? आज आपण एका खऱ्याखुऱ्या ट्रॅक्टरवर तो शोधू या.

हा ट्रॅक्टर सेलू तालुक्यातला. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या काकांचा. ती एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, काकाच्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद असलं का गाणं बराबर वाजते. सेल्फ मारला का कुईं कुईं आवाज येते. ट्रॅक्टर जोरात पळवला का कुईंपण जोरात!"

किती छान निरीक्षण! 'साऊंड खराब झाला' असं ती म्हणाली नाही. कधी खराब होतो, कधी होत नाही आणि कशाबरोबर वाढतो, हे तिनं सांगितलं. डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसतं 'बरं नाही' म्हणत नाही. ताप कधी येतो, जेवणाआधी दुखतं की नंतर, हे सांगतो. यंत्राचंही तसंच असतं.

काकांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "मॅडम, मी दोन डाव बोर्ड बदलवला. काही फरक पडला नाही. आता बफरच बदलवतो."

मी म्हटलं, "भाऊ, थांबा. आधी शोधू, मग बदलू." मग रविवारी सकाळी आम्ही सगळे ट्रॅक्टरभोवती जमलो. वायरींना हात काका लावणार, मुलं ऐकणार आणि वहीत लिहिणार, अशी कामं वाटून घेतली.

आधी वाट समजून घ्या

ज्यांच्या वावरात ठिबक आहे, त्यांना हे चटकन समजेल. विहिरीवरचा पंप, तिथून मोठा पाइप, मग फिल्टर, मग बारक्या नळ्या आणि शेवटी झाडाच्या बुडाशी थेंब. शेवटच्या झाडाला पाणी मिळालं नाही तर तुम्ही लगेच पंप बदलता का? नाही. मधे कुठेतरी जाऊन पाहता. फिल्टरपर्यंत पाणी आलंय? आलंय. म्हणजे बिघाड पुढे. नाही आलं? म्हणजे बिघाड मागे. एकाच तपासणीत निम्मा शोध संपतो!

साऊंड सिस्टिममध्ये अशा दोन वाटा असतात. एक शक्तीची: बॅटरी, फ्यूज, वायर, अँप्लिफायर. दुसरी गाण्याची: मोबाइल, बारीक वायर, अँप्लिफायर, स्पीकर. दोन्ही वाटा अँप्लिफायरमध्ये भेटतात. मोबाइलमधून येणारं गाणं विजेच्या रूपात फार अशक्त असतं. बॅटरीची ताकद घेऊन अँप्लिफायर त्याला सशक्त करतो आणि स्पीकरचा कागदी पडदा त्या तालावर मागेपुढे हलतो. पडद्यानं हवा हलवली की आपल्याला गाणं ऐकू येतं.

आणि एक नियम पाठ करून ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशानं गेला ते कधीच कळत नाही.

पहिला बिघाड: कुईं

इंजिन बंद असताना कुईं नाही, चालू असताना आहे. म्हणजे स्पीकर चांगला, बोर्ड चांगला. काकांचे दोन बोर्डांचे पैसे उगाच गेले होते.

मग इंजिनाबरोबर आणखी काय चालू होतं? डायनामो! इंजिन फिरलं की पट्ट्यानं डायनामो फिरतो आणि बॅटरी भरतो. हल्लीच्या ट्रॅक्टरवर असतो तो अल्टरनेटर, पण मेकॅनिक त्यालाही डायनामोच म्हणतात. त्यात वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी. ती एका दिशेनं वाहावी म्हणून आत सहा डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचं एकाच बाजूला उघडणारं दार. या दारांतून बाहेर पडणारी वीज अगदी सपाट नसते. तिच्यावर बारीक बारीक लाटा असतात.

किती लाटा? गणित करू या. बऱ्याच अल्टरनेटरांत एका फेऱ्यात अशा ३६ लाटा पडतात. समजा तो मिनिटाला ३००० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ५०. मग ५० गुणिले ३६ बरोबर १८००. सेकंदाला १८०० कंपनं म्हणजे आपल्या कानाला स्पष्ट ऐकू येणारी शिट्टी! इंजिन जोरात फिरलं की फेरे वाढतात, लाटा वाढतात आणि शिट्टीचा स्वर उंच होतो. आमच्या मुलीनं नेमकं हेच टिपलं होतं. काय, गंमत आहे की नाही?

पण या लाटा प्रत्येक ट्रॅक्टरवर असतात. मग सगळेच ट्रॅक्टर कुईं का करत नाहीत? कारण त्या गाण्याच्या वाटेत शिरायला फट लागते. ही फट कुठे आहे ते शोधायला आम्ही तीन गोष्टी केल्या. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला, आणि सीटवर काका.

१. आवाजाचं बटन शून्यावर आणलं. कुईं बंद झाली. म्हणजे ती बटनाच्या आधी, गाण्याच्या वाटेनं शिरत होती. (बटन शून्यावर असतानाही कुईं चालू राहिली असती, तर ती शक्तीच्या वाटेनं किंवा बोर्डाच्या आतून येतेय असं समजलो असतो.)

२. आवाज पुन्हा वाढवला आणि मोबाइलची बारीक वायर काढली. कुईं गेली.

३. वायर पुन्हा लावली आणि या वेळी मोबाइलचा चार्जर काढला. गाणं चालू, कुईं गायब!

सापडला चोर! मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच चार्ज होत होता आणि त्याच वेळी वायरनं अँप्लिफायरला जोडलेला होता. म्हणजे मोबाइलपासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जायला दोन रस्ते झाले. एक चार्जरमधून, दुसरा गाण्याच्या वायरमधून अँप्लिफायरकडून. दोन रस्ते मिळून एक गोल वळसा तयार झाला आणि डायनामोच्या लाटा त्या वळशातून गाण्यात शिरल्या. इंग्रजीत या वळशाला 'ग्राउंड लूप' म्हणतात.

उपाय? गाणं वाजवताना चार्जर काढायचा. फुकटचा उपाय! नाहीतर ब्लूटूथनं गाणं लावायचं, म्हणजे वळसा वायरीअभावी आपोआप तुटतो. आणि गाण्याची वायर बॅटरीच्या जाड वायरीला गुंडाळून नेऊ नये. शेजारी लागली तरी ती लाटा पकडते.

एक मात्र ध्यानात ठेवा. आजवर कधीच कुईं नव्हती आणि काही न बदलता अचानक सुरू झाली, शिवाय बॅटरीही नीट भरत नाही, असं असेल तर डायनामोतला एखादा डायोड गेलेला असू शकतो. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

दुसरा बिघाड: खरखर

धुऱ्यावरून, खड्ड्यातून ट्रॅक्टर गेला की खर्र, खर्र. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मोटरसायकलच्या प्लगनं रेडिओत तडतड होते. तसंच असंल."

विचार चांगला होता, पण ट्रॅक्टरचं इंजिन डिझेलचं. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतोच! डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. शिवाय प्लगची तडतड इंजिनाच्या तालात आली असती. ही खरखर येत होती खड्ड्याच्या तालात. म्हणजे काहीतरी ढिलं.

मग इंजिन बंद केलं, गाणं हळू लावलं आणि काकांनी एका लाकडी कांडीनं एकेक जोड हळूच हलवून पाहिला. स्पीकरच्या वायरी ठीक. मोबाइलची पिन ठीक. मडगार्डाशी कांडी गेली आणि खर्र!

अँप्लिफायरची ऋण वायर मडगार्डाला स्क्रूनं कसलेली होती. मडगार्डावर काय असतं? रंग! रंगातून वीज वाहत नाही. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा रंग खरवडला तेवढ्याच जागेतून वीज जात होती, आणि त्या जागेवर गंज चढला होता. काकांनी तो स्क्रू सोडवला आणि ऋण वायर सरळ बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेली. खरखर गेली.

तिसरा बिघाड: बफर असून दणका नाही

गाणं साफ वाजू लागलं, पण ढोलकीचा दणका काही येईना. बफर तर एकच, त्याचा कागद फाटलेला नाही. मग मी पाहिलं की दोन मोठे स्पीकर एकाच खोक्यात शेजारी होते.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. स्पीकर अँप्लिफायरपासून पूर्ण सुटा करायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा १.५ व्होल्टचा सेल घ्यायचा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला, क्षणभरच टेकवायचं. 'टक्' असा आवाज येतो आणि पडदा पुढे सरकतो. टक् आलाच नाही, तर स्पीकरची आतली तार तुटलेली.

आमच्या दोन्ही स्पीकरांनी टक् केलं. मग खोक्यातून बाहेर आलेल्या वायरींवर हाच प्रयोग केला. लाल वायर सेलच्या धन टोकाला. एका स्पीकरचा पडदा पुढे आला आणि दुसऱ्याचा मागे गेला!

म्हणजे एकाच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा शेजारचा ती मागे ओढतो. दोघं झोपाळ्याला विरुद्ध बाजूंनी धक्का देत असले तर झोपाळा चालेल का? जाड, खर्जातले आवाज असे एकमेकांना खाऊन टाकतात. काकांनी एका स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि ढोलकी परत आली. खर्च शून्य.

चौथा बिघाड: सकाळी सेल्फ लागत नाही

हे काकांनी नंतर सांगितलं. "दहा-पंधरा दिवस ट्रॅक्टर उभा राह्यला का बॅटरी बसते. ढकलून चालू करा लागते."

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. आत सहा कप्पे, प्रत्येक साधारण २ व्होल्टचा. पूर्ण भरलेली, निवांत असलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना डायनामो तिला भरत असतो, म्हणून तेव्हा १३.८ ते १४.४ दिसतात. इंजिन चालू असूनही १२.३-१२.४ च दिसत असतील, तर बॅटरी भरतच नाहीये असं समजा.

काकांच्या डायनामोचं काम ठीक होतं. पण अँप्लिफायरला बटनच नव्हतं. आवाज कमी केला म्हणजे तो बंद झाला, असं सगळ्यांना वाटायचं. एका मुलीनं डब्याला हात लावून पाहिला. गाणं बंद होऊन अर्धा तास झाला होता तरी डबा कोमट होता. कोमट म्हणजे वीज खर्च होतेय!

समजा तो गप्प बसूनही ०.२ अँपिअर खातो. दिवसाचे २४ तास, दहा दिवस. ०.२ गुणिले २४ गुणिले १० बरोबर ४८ अँपिअर-तास. ट्रॅक्टरच्या ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त गेले की नाही? सेल्फला तर क्षणभरासाठी शंभराच्या वर अँपिअर लागतात. ते कुठून येणार? म्हणून धन वायरीवर एक बटन हवंच. आणि पेरणीच्या दिवसांत सकाळी सेल्फ लागला नाही तर घरात काय होतं, ते कास्तकाराच्या मुलांना मी सांगायला नको.

पाचवा बिघाड: जो ऐकू येत नव्हता

मुलांनो, हा भाग नीट वाचा. बाकी सगळे बिघाड गाण्याचे होते. हा जिवाचा होता.

बटन कुठे बसवायचं ते पाहायला काकांनी बॅटरीकडची वायर हातानं चाचपली. सीटखाली एका पत्र्याच्या धारेवरून ती वळत होती. तिथं प्लॅस्टिकचं आवरण घासून घासून गेलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. शेजारचं प्लॅस्टिक काळं पडून वितळल्यासारखं झालं होतं.

"पण याला फ्यूज आहे ना?" मी विचारलं.

फ्यूज होता. काकांनी तो काढून दाखवला. त्याच्यावर तंबाखूच्या पुडीतली चांदी गुंडाळलेली होती! "घडीघडी उडे मॅडम. बाजारातून किती आणा? म्हणून चांदी लावली."

फ्यूज काय असतो? एक मुद्दाम अशक्त ठेवलेली तार. वायर जळण्याआधी ती स्वतः वितळते आणि वाट तोडते. फ्यूज घडीघडी उडत होता, कारण ट्रॅक्टरला गचका बसला की उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं. फ्यूज ओरडून सांगत होता, 'इथं काहीतरी चुकतंय!' आणि आपण त्याचं तोंडच बांधलं. चांदीला वितळायला कितीतरी जास्त वीज लागते. तोवर वायर लालबुंद होते. बॅटरीची दोन टोकं अशी थेट एकमेकांना भेटली, तर शेकडो अँपिअर वाहतात. बारीक वायरीचं आवरण पेटायला काही सेकंद पुरतात.

आणि हा ट्रॅक्टर काय ओढायचा? हंगामात मागच्या ट्रॉलीत उंचच उंच कापूस भरायचा आणि हिंगणघाटच्या बाजाराला जायचा. सीटखाली ठिणगी आणि मागे कापूस. वर्षभराची मेहनत, ट्रॅक्टर आणि वर बसलेली माणसं. मी काही बोलले नाही. काकाच गप्प झाले आणि त्यांनी पान्हा घेऊन आधी बॅटरीची वायर सोडवली.

ती कशी सोडवली तेही सांगते. आधी ऋण, मग धन. का? ट्रॅक्टरचं सगळं लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. आधी धन टोक सोडवायला गेलो आणि पान्हा चुकून पत्र्याला लागला, तर पान्ह्यातूनच सगळी वीज वाहते. ऋण आधी सोडवलं की ती भीती उरत नाही. परत जोडताना उलट: आधी धन, शेवटी ऋण. आणि भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. म्हणून तिच्याजवळ बिडी, काडी काही नको. हे काम मोठ्या माणसांचंच. तुम्ही उभं राहून पाहायचं, आणि क्रम चुकला तर न घाबरता सांगायचं.

दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवी वायर घातली. पत्र्याच्या भोकात रबरी बुश बसवला. १० अँपिअरचा नवा फ्यूज बसवला, तोही बॅटरीपासून एका वितीच्या आत. का? कारण फ्यूज त्याच्या पुढच्या वायरीलाच वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच वाचवत नाही. मग तो तुकडा जितका आखूड तितका चांगला.

नवी वायर जाड घेतली. त्याचंही गणित आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाऊन-येऊन १० मीटर वायर लागली, तर ०.१७ ओहम. १० अँपिअर वाहिले तर १.७ व्होल्ट वायरीतच खर्च! १२ मधले अँप्लिफायरला मिळाले फक्त १०.३. वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली की हीच गळती पाव होते. त्याहून चांगलं म्हणजे अँप्लिफायरच बॅटरीजवळ बसवायचा.

खोक्यावरचे १००० वॅट

काकांच्या डब्यावर चकचकीत अक्षरांत लिहिलं होतं: १००० वॅट. मी मुलांना म्हटलं, "तपासा!"

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १२ व्होल्ट आणि १० अँपिअरचा फ्यूज. १२ गुणिले १० बरोबर १२०. यापेक्षा जास्त शक्ती आत जातच नाही, तर १००० वॅट बाहेर कुठून येणार? १००० वॅटला ८३ अँपिअर लागतील! डब्यात होती एलए ४४४० नावाची आयसी. गावोगावच्या हौशी कारागिरांची ही लाडकी. तिच्या दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्या तरी ती साधारण १९ वॅट देते. डब्यात अशा दोन होत्या, म्हणजे ३८. छापलेल्या आकड्यापेक्षा फ्यूजचा आकडा जास्त खरं बोलतो. बाजारात गेलात की आधी तो पाहा.

आणि ही आयसी तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून तिच्या पाठीला ॲल्युमिनियमची चांगली मोठी पट्टी हवी आणि डब्याला भोकं हवीत. गाणं दहा मिनिटं वाजून बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा सुरू होतं, असं होत असेल तर हेच कारण शोधा.

किती मोठा आवाज?

स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांची जुनी छायाचित्रं पाहा. नेत्यांच्या पुढ्यातल्या मायक्रोफोनवर बरेचदा 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. कंपनी अमेरिकेची नव्हती बरं का, आपल्याच मोटवाने कुटुंबाची होती. एका माणसाचं बोलणं हजारोंना ऐकू जावं म्हणून ते भोंगे होते. ट्रॅक्टरवर तर गाणं एकालाच ऐकायचं असतं! मग ते चार गावांना कशाला?

उघड्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर गाणं ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं लागतं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत कान कसाबसा सोसतो, असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी ऐकतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाला बदली बोर्ड मिळत नाही.

आणि ट्रॉलीवरून कोणी 'थांबा, थांबा!' ओरडलं तर? मागून एस. टी. ने हॉर्न दिला तर? म्हणून आम्ही एक खूण ठरवली. ट्रॉलीच्या टोकाला उभं राहून एका मुलीनं साध्या आवाजात काकांना हाक मारायची. इंजिन चालू, गाणं चालू. काकांना ती ऐकू येईल तिथवरच बटन फिरवायचं. बटनावर तिथं नखपॉलिशनं लाल टिपका लावला. आणि ट्रॉलीत माणसं असली किंवा ट्रॅक्टर मागे घ्यायचा असला, तर गाणं बंदच.

सन २००० पासून देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. शाळा आणि दवाखान्यांभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं. तेव्हा शाळेसमोरून जाताना आवाज कमी करा, हे सांगायचा तुम्हाला हक्कच आहे!

दुरुस्ती आपल्या हातात

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. तिथं चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारं पाहायला मिळतात. जमलं तर पालकांबरोबर नक्की जा. त्याआधी १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यातली एक अट मला फार आवडते: दुरुस्तीचा वर्षाचा खर्च चरख्याच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे वस्तू बनवतानाच ती दुरुस्त कशी होईल याचा विचार! काकांच्या खोक्याच्या झाकणावर आता मुलांनी काढलेली एक आकृती चिकटवली आहे. कुठली वायर कुठून कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं त्यात आहे. पुढच्या वेळी बिघाड झाला तर अंदाजानं बोर्ड बदलायला नको.

घरी करून पाहा

१. जुना, सुटा स्पीकर आणि १.५ व्होल्टचा सेल घेऊन 'टक्' प्रयोग करा. सेल उलटा धरल्यावर पडदा कुठे जातो ते वहीत लिहा. (घरातल्या प्लगची वीज वापरायची नाही. कधीच नाही!)

२. घरच्या मोटरसायकलवर, ट्रॅक्टरवर किंवा पंपाच्या पेटीत फ्यूजला चांदी किंवा तार गुंडाळलेली आहे का, हे मोठ्या माणसांना पाहायला सांगा. तुम्ही हात लावायचा नाही.

३. आणि हे कोडं: एका खोक्यावर '६०० वॅट' छापलंय. बॅटरी १२ व्होल्टची, फ्यूज १५ अँपिअरचा. खोक्यात जास्तीत जास्त किती वॅट शिरू शकतील? उत्तर पुढच्या अंकात. पण त्याआधी तुमचं उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, आणि तुमच्या घरी एखादं यंत्र बिघडलं असेल तर तेही लिहा. नुसतं 'बिघडलं' म्हणू नका हं! कधी बिघडतं, कधी बिघडत नाही आणि कशाबरोबर वाढतं, ते लिहा.

तुमची,
मॅडम